फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने: निवांत रस्ता ओळखायचा कसा?

दोनचाकी | ११ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे गेली सहा वर्षे नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला राहतो आणि इथल्या तांबड्या डांबराच्या स्वतंत्र सायकलमार्गांनी आम्हांला इतके लाडावून ठेवले आहे की, मोटारींच्या सोबतीने सायकल चालवण्याची सवयच मोडली आहे. येत्या जूनमध्ये दहा दिवसांची रजा काढून लिमोझहून निघायचे, मिलवाशचे पठार ओलांडायचे, सालेरवरून प्युई मारीच्या खिंडीत चढायचे आणि ओब्राकमार्गे मियोला उतरायचे, असा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा बेत आहे. सायकली रोड बाइक आहेत, टायर २८ मिलिमीटरचे आहेत आणि सामान सीटखालच्या पिशवीत मावेल एवढेच असेल.

प्रश्न असा आहे की, जुन्या रेल्वेमार्गांवर केलेले पाट्या लावलेले सायकलमार्ग शोधून त्यांनाच चिकटून राहावे, की साध्या गावरस्त्यांवर विसंबावे? गावरस्तेच घ्यायचे म्हटले, तर त्यांतला निवांत कोणता हे घरबसल्या कसे कळावे? नकाशावर तर सगळेच रस्ते 'डी' अमुक आणि 'डी' तमुक दिसतात. सौभाग्यवतींची अट एकच आहे: दिवसभरात मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज कानावर पडता कामा नये. ही अट स्वर्गात तरी पुरी होईल का, अशी मला शंका आहे.

खडीसाखर | ११ फेब्रुवारी

स्वर्गातही बांधकाम खाते असणारच, तेव्हा ट्रक नसले तरी खड्डे धरून चाला.

लवारकाठ | ११ फेब्रुवारी

मी नांतजवळ राहते. आम्ही दोन मुलांना घेऊन लवार नदीकाठच्या सायकलमार्गाचा बराचसा भाग टप्प्याटप्प्याने केला आहे. हा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा असून युरोवेलो ६ या मोठ्या मार्गात मोडतो. पाट्या चोख आहेत, आणि 'आक्युई वेलो' ही खूण असलेली मुक्कामाची ठिकाणे मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत मिळत असल्यामुळे सायकल रात्री कुठे ठेवायची ही चिंता उरत नाही. मुले सोबत असतील तर मी डोळे मिटून पाट्यांचा मार्ग सुचवेन. तुम्ही दोघेच आहात आणि डोंगरात जाणार आहात, हे मात्र वेगळे प्रकरण आहे.

नकाशावेडा | १२ फेब्रुवारी

दोनचाकी, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर नकाशाच्या रंगात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रान्समध्ये जिल्हा परिषदांच्या ताब्यातले 'डी' रस्ते सुमारे ३,८०,००० किलोमीटर आहेत आणि गावांच्या अखत्यारीतले रस्ते त्याहूनही कितीतरी अधिक आहेत. देशाच्या मानाने लोकवस्ती विरळ आणि रस्त्यांचे जाळे दाट, म्हणून एकेका रस्त्याच्या वाट्याला मोटारी थोड्या येतात. सायकलस्वाराचे भाग्य या हिशेबात आहे. पण 'डी' अक्षर पाहून हुरळून जाऊ नये. २००४ च्या कायद्यानंतर हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय मार्ग जिल्ह्यांच्या गळ्यात पडले आणि त्यांचे नंबर बदलले. पॅरिसहून दक्षिणेला जाणारा प्रसिद्ध राष्ट्रीय मार्ग ७ सेन-ए-मार्न जिल्ह्यात डी ६०७ झाला. अक्षर बदलले म्हणून ट्रक थोडेच कमी होतात? त्यामुळे सहाशे, आठशे, नऊशेच्या घरातला नंबर दिसला की मी आधी संशय घेतो.

मिशलॅनच्या कागदी नकाशावर तांबडे रस्ते टाळावेत, पिवळे चालतील, पांढरे उत्तम. आणि रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला आहे असे समजावे. पांढऱ्या रस्त्यावरचे बाण मात्र मोजून घ्या. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा आणि तीन म्हणजे त्याहून अधिक. बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते. मी पहिल्या सहलीत नेमके उलटे समजलो होतो आणि त्या दिवसाबद्दल आमच्या घरात अजूनही बोलले जात नाही.

तुलूझनिवासी | १२ फेब्रुवारी

नकाशावेडा यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. लवारकाठ यांच्याशी मात्र थोडे भांडतो. रोड बाइक घेऊन येणाऱ्याला पाट्यांचा मार्ग सरसकट सुचवू नये. आमच्या दाराशी कालवा द्यु मिदी आहे, तुलूझपासून 'तो' नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. त्याचे नाव ऐकून पुष्कळ जण बारीक टायरच्या सायकली घेऊन येतात. तुलूझमधून निघताना डांबर असते, पण पुढे जिल्हा बदलला की कितीतरी ठिकाणी नुसती मातीची पायवाट आणि तिच्यातून वर आलेली झाडांची मुळे लागतात. माझ्या एका मित्राचे मागच्या चाकाचे दोन आरे तिथे तुटले. तो सोमवार होता, आणि सोमवारी इकडची निम्मी सायकलदुकाने बंद असतात. रेल्वेमार्गांवरच्या वाटा त्या मानाने बऱ्या. बर्गंडीतली जिव्री ते क्लुनी ही १९९७ पासूनची वाट तर डांबरी आहे. पण त्यांवरही दर चौकाला मोटारी अडवण्यासाठी ठोकलेले खांब असतात आणि दर वेळी वेग मोडतो.

लवारकाठ | १२ फेब्रुवारी

भांडण मान्य आहे, पण 'सरसकट' मी म्हटले नव्हते. माझे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

तुलूझनिवासी | १२ फेब्रुवारी

वाचले. माघार घेतो.

घाटवाट | १४ फेब्रुवारी

मी पुण्याचा. २०१९ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली, म्हणजे फ्रान्सचे बाराशे किलोमीटर गावरस्ते एका दमात पाहिले. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १८९१ साली सुरू झालेली ही फेरी आता दर चार वर्षांनी होते, कमाल मुदत ९० तासांची असते आणि पात्रतेसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरावीक मुदतीत संपवायच्या फेऱ्या, आधी पूर्ण कराव्या लागतात. आम्ही त्या पुणे-मुंबई परिसरात केल्या, म्हणजे कंटेनरच्या सावलीत.)

तिथल्या रात्रीच्या रस्त्यांबद्दल एवढेच सांगतो. फुजेरच्या पुढे कुठेतरी पहाटेचे तीन वाजले होते, थंडीने बोटे ब्रेकवर वळत नव्हती, आणि एका घरासमोर टेबल मांडून आजी-आजोबा बसले होते. टेबलावर कॉफीचा थर्मास, दुधाचा गंज आणि फडक्याखाली झाकलेले क्रेप, म्हणजे आपल्या घावनांचे चुलतभाऊ. पैसे घेतले नाहीत. एक वही पुढे केली आणि गावाचे नाव लिहा म्हणाले. मी 'पुणे' असे देवनागरीत लिहिले. वरच्या ओळीत कोणीतरी जपानीत लिहिलेले होते.

आता नकाशावेडा यांच्या नियमाला एक अपवाद जोडतो, कारण दोनचाकी यांच्याच वाटेवर तो येतो. जुना राष्ट्रीय मार्ग ९ आता लोझेर आणि आव्हेरों जिल्ह्यांत डी ८०९ आहे. तुमच्या नियमाप्रमाणे तो बाद व्हायला हवा. पण त्याच्या शेजारून ए ७५ हा महामार्ग जातो, आणि मियोचा उड्डाणपूल सोडला तर त्यावर टोल नाही. मग मोटारवाल्याने जुन्या रस्त्यावर कशासाठी यावे? शहराजवळचे तुकडे वगळता मला हा रुंद, गुळगुळीत रस्ता बहुतेक रिकामा मिळाला. म्हणून मी नंबर पाहत नाही आणि रंगही दुय्यम मानतो. मी एवढेच विचारतो की, या रस्त्याची गरज कोणाला आहे, आणि किती वाजता आहे? दोन बाजारगावांमधला सर्वांत जवळचा रस्ता असेल तर तो कितीही बारीक असो, सकाळी आठला गजबजणारच. कोणालाही कुठेही लवकर न पोहोचवणारा रस्ता आपला.

नकाशावेडा | १४ फेब्रुवारी

डी ८०९ चा अपवाद मान्य. टोल नसलेल्या महामार्गाशेजारचा जुना रस्ता रिकामा आणि टोलवाल्या महामार्गाशेजारचा भरलेला, हे सूत्र मला आधी सुचायला हवे होते. वहीत लिहून घेतले.

'गरज कोणाला' हे आकड्यांतही पाहता येते. अनेक जिल्हा परिषदा आपापल्या रस्त्यांवरच्या वाहनांच्या मोजणीचे नकाशे प्रसिद्ध करतात; त्यांत दिवसाला सरासरी किती वाहने जातात ते तुकड्यातुकड्याने दिलेले असते. माझी वैयक्तिक मर्यादा दिवसाला एक हजार वाहनांची आहे. पाचशेच्या खाली असेल तर शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारता येतात. मागून मोटार पुढे जाऊ पाहत असेल तेव्हा आणि रात्री एकामागे एक व्हावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

खडीसाखर | १४ फेब्रुवारी

लग्नाला वीस वर्षे झालेल्यांसाठी ही मर्यादा पाच हजार करावी. गप्पा कोण मारतो?

तुलूझनिवासी | १५ फेब्रुवारी

घाटवाट यांनी 'किती वाजता' म्हटले, तो मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी बारा ते दोन हा भोजनाचा काळ अजूनही पाळला जातो. साडेबाराच्या सुमारास पिवळा रस्तासुद्धा पांढऱ्यासारखा होतो, कारण मोटारवाले, ट्रकवाले, रस्त्याचे काम करणारे सगळे पानावर बसलेले असतात. मी जाणूनबुजून दिवसाचा सर्वांत नकोसा तुकडा, म्हणजे शहरातून बाहेर पडणे किंवा दरीतला एकमेव रस्ता, या वेळेत ठेवतो. अडचण अशी की, दुकानेही तेव्हाच बंद असतात. तेव्हा अकरा वाजता पाव, चीज आणि फळे घेऊन ठेवायची आणि दोननंतर एखाद्या चर्चच्या सावलीत खायची, हे माझे वेळापत्रक आहे. रविवारची सकाळही अशीच निवांत. फक्त रविवारी दुपारनंतर काही विकत मिळण्याची आशा सोडावी.

दुसरी सूचना गावात शिरल्यावरची. चौकात 'सर्व दिशा' आणि 'इतर दिशा' अशा दोन पाट्या असतात. सर्व दिशा एकीकडे गेल्यावर इतर दिशा उरतात तरी कोणत्या, हा प्रश्न मला पहिले वर्षभर छळत होता. उत्तर असे की, 'सर्व दिशा' ही पाटी वाहतुकीला मोठ्या रस्त्याकडे हाकलते. आपण तिच्या मागे जायचे नाही.

तिसरी सूचना गंभीर आहे. उन्हाळ्यात गावरस्त्यांवर डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबण्याचे काम येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींवरच सोडतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की वळणाआधीच वेग उतरवा. लो जिल्ह्यात एका उतारावर मी ती पाटी वाचली, अर्थ समजला, आणि तरीही ब्रेक वळणातच दाबला. पुढचे चाक पाण्यावरून घसरावे तसे गेले. कोपराची सालटी निघाली ती निघालीच, पण खडीला चिकटलेले ताजे डांबर जखमेतून काढायला औषधाच्या दुकानातल्या बाईंना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्यांनी मला तीन वेळा विचारले, की मला वाचता येते ना.

मोहोर | १७ फेब्रुवारी

मी सायकलवाली नाही, पण नवऱ्यासोबत जाणार आहे म्हणून विचारते. मोटारवाले खेड्यांत फार वेगाने चालवतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

घाटवाट | १७ फेब्रुवारी

ताई, वेग असतो, हे खोटे कशाला सांगू? दुभाजक नसलेल्या रस्त्यांवरची मर्यादा १ जुलै २०१८ पासून ताशी ८० किलोमीटर केली होती, पण पुढे जिल्ह्यांना मुभा मिळाल्यावर अनेक ग्रामीण जिल्ह्यांनी आपल्या बऱ्याच रस्त्यांवर ती पुन्हा ९० वर नेली. तरीही माझा अनुभव असा की, तो वेग आपल्याला घासून जात नाही. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदा आहे आणि त्यासाठी, समोरचे नीट दिसत असेल तर, अखंड रेषा ओलांडण्याची परवानगीही आहे. बहुतेक जण ते पाळतात. उलट मागे शांतपणे रांगत राहिलेली मोटार पाहून आपणच ओशाळतो. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आलो'. तिकडे तो फारसा वाजतच नाही.

अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकते जाकीट घालणे सायकलस्वारांना सक्तीचे आहे, आणि कानांत हेडफोन घालायला बंदी आहे. ही बंदी पाळाच, कारण निवांत रस्त्यावर कान हाच आपला आरसा.

पेडलपुराण | १९ फेब्रुवारी

धागा वाचून राहवले नाही. या सगळ्या भटकंतीचा मूळपुरुष सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०), ज्याला सगळे 'व्हेलोसिओ' म्हणत. शर्यतीत न उतरता दूरवर सायकलने हिंडावे, हा विचार फ्रान्समध्ये रुजवण्यात त्याचा मोठा वाटा होता. बदलत्या गिअरांचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला, आणि तूर द फ्रान्समध्ये ते गिअर वापरायला परवानगी मिळायला १९३७ उजाडावे लागले. म्हणजे हौशी मंडळी चढावर आरामात पाय फिरवत असताना व्यावसायिक शर्यतवाले मागचे चाक काढून उलटे बसवत होते. आपण प्युई मारीवर ३४ दातांची चक्री लावून चढू, तेव्हा या म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.

दोनचाकी | २० फेब्रुवारी

सर्वांचे मनापासून आभार. ३४ दातांचा सल्ला ताबडतोब अमलात आणला. दोन उपप्रश्न आहेत. वाटेत पाणी कुठे मिळते, आणि आम्ही शाकाहारी आहोत, तेव्हा ओब्राकमध्ये काय खावे?

नकाशावेडा | २० फेब्रुवारी

पाण्यासाठी दफनभूमी. थट्टा नाही. जवळजवळ प्रत्येक गावाच्या कडेला भिंतीआड दफनभूमी असते आणि आत फुलांना घालण्यासाठी नळ असतो. दारातून आत जावे, सायकल बाहेर ठेवावी, टोपी काढावी. नळावर 'पोताब्ल' म्हणजे पिण्याजोगे. त्याआधी 'नों' असेल तर फक्त तोंड धुवावे.

तुलूझनिवासी | २० फेब्रुवारी

जेवणाला ओब्राकमध्ये आलिगो आहे. बटाट्याच्या लगद्यात ताजे चीज घालून ते इतके घोटतात की, पळी वर उचलली की हातभर तार येते. मांसाशिवाय द्या म्हणावे. समोरचा दुःखी होईल, पण देईल. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असते, ते चालत नसेल तर आधीच ठरवा. आणि ओब्राकमधल्या एका गावाचे नाव लिहितात लाग्युइओलसारखे, पण म्हणायचे 'लायोल'. तिथल्या सुऱ्या प्रसिद्ध आहेत. विमानाने परतणार असाल तर हातसामानात घेऊ नका.

घाटवाट | २१ फेब्रुवारी

प्युई मारीची खिंड, म्हणजे पा द पेरोल, सुमारे १,५८९ मीटरवर आहे आणि मासिफ सांत्राल या मध्य फ्रान्सच्या डोंगराळ प्रदेशातली ती सर्वांत उंच गाडीरस्त्याची खिंड आहे. हिवाळ्यात बर्फाने बंद असते. जूनमध्ये उघडी मिळेल. सालेरकडून नेरोनच्या खिंडीपर्यंत चढ सौम्य आहे, पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर दहा टक्क्यांहून तीव्र आहेत. तिथे पर्यटकांच्या मोटारी येतात. गरज कोणाला आणि कधी? सहलीला आलेल्यांना, न्याहारीनंतर. तेव्हा सालेरला मुक्काम करा आणि सातला निघा.

दोनचाकी | ९ जुलै

परत आलो आहोत, म्हणून धागा वर काढतो.

मिलवाशच्या पठारावर घाटवाट यांचा प्रश्न आम्ही अपुरा विचारला होता, हे पहिल्याच दिवशी कळले. नकाशावर पांढरा, वस्ती जवळपास नाही, कोणाला गरज असणार? गरज लाकूडवाल्यांना होती. त्या पठारावर डग्लस फरची प्रचंड लागवड आहे आणि ओंडक्यांनी लादलेले ट्रक नेमके त्याच बारीक रस्त्यांनी उतरतात. सकाळी नऊ ते बारा या वेळात चार भेटले. चारही चालकांनी वेग कमी केला आणि एकाने हात हलवला, पण अट मोडली ती मोडलीच. बाराला मात्र तुलूझनिवासी यांचे भाकीत घड्याळासारखे खरे ठरले: करवतींचे आवाज थांबले आणि पुढचे दोन तास आम्हांला एकही वाहन दिसले नाही. दुसऱ्या दिवसापासून जंगलाचे तुकडे आम्ही भोजनाच्या वेळेत ठेवले.

त्या रिकाम्या दोन तासांत आम्ही जांतियूला पोहोचलो. तिथले पहिल्या महायुद्धाचे स्मारक मला ठाऊक नव्हते. नेहमीचा बंदूकधारी सैनिक तिथे नाही. पोरका झालेला एक शाळकरी मुलगा उभा आहे, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ गावच्या मृतांच्या यादीकडे उगारलेली, आणि खाली 'युद्धाला शाप असो' अशा अर्थाची ओळ. एवढ्याशा गावाच्या मानाने ती यादी फार लांब आहे. आम्ही तिथे पाव खायचा ठरवला होता, तो पुढे जाऊन खाल्ला.

पा द पेरोल सकाळी नऊच्या आत गाठली. वर आम्ही, दोन जर्मन सायकलस्वार आणि वारा. उतरताना साडेदहाला मोटारींची रांग समोरून येत होती. डी ८०९ वरचा आमचा तुकडाही घाटवाट म्हणाले तसाच निघाला; सौभाग्यवतींनी त्या रुंद रस्त्यावर वीस किलोमीटर शेजारून गप्पा मारल्या, त्यामुळे खडीसाखर यांचा आकडा आमच्याबाबतीत चुकला आहे.

परतीचा घोळ मात्र सांगून ठेवतो. मियोहून दिवसाला मोजक्याच रेल्वेगाड्या सुटतात, आणि आमच्या दिवशी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस होती. बसचालकाने सायकलींकडे पाहून मान हलवली. एक मुक्काम वाढला. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी गाडीच येणार आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

खडीसाखर | ९ जुलै

आकडा मागे घेतो. वहिनींचा ट्रकांचा हिशेब शेवटी किती झाला?

दोनचाकी | १० जुलै

दहा दिवसांत अकरा. त्यांतला एक दुधाचा टँकर होता आणि तो धरायचा की नाही यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.